घरच्या स्टुडिओतली 'टिक' आणि साठ हजारांचं मास्टर क्लॉक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. विश्रामबागला घराच्या वरच्या मजल्यावर तुमचा स्टुडिओ आहे. लॅपटॉप, यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारी पेटी), आणि माइकची तोंडं कमी पडायला लागली म्हणून घेतलेला आठ चॅनेलचा जुना प्रीअँप (माइकचा आवाज वाढवून आकड्यांत उतरवणारी पेटी). तो एकाच ऑप्टिकल केबलने इंटरफेसला जोडलाय. कामं बहुतेक अभंगाची, भजनी मंडळांची. तक्रारी दोन. थोड्या थोड्या वेळाने बारीक 'टिक' येते, तंबोऱ्याच्या ट्रॅकवर जास्त. आणि त्याच तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी झणझण, काचेसारखी बोचते. दुकानदार म्हणाला, हा जिटर (यंत्राच्या लयीतली थरथर), साठ हजारांचं मास्टर क्लॉक (सगळ्या यंत्रांना एकच लय देणारी पेटी) लावा, दोन्ही जाईल. तर घ्यावं का?

नका घेऊ. सांगली-मिरजेत वीस-बावीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय, त्यावरून सांगतो: तुमच्या दोन तक्रारींची कारणं दोन वेगळी आहेत, आणि दोन्हींत जिटर नाही. पहिली फुकटात जाईल. दुसरीला माइक हलवावा लागेल आणि एखादी गादी भिंतीला टेकवावी लागेल.

पण काही गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि निदान त्यांवर अवलंबून आहे. टिक फाइलमध्ये नोंदली गेलीय, की फक्त ऐकताना येते? सगळ्या ट्रॅकवर आहे, की प्रीअँपमधून आलेल्या आठांवरच? ठरावीक अंतराने येते, की कशीही? मी धरून चालतो की ती फाइलमध्ये आहे, त्या आठांवरच आहे आणि साधारण ठरावीक अंतराने येते. तसं नसेल तर काय, ते पुढे सांगतो.

सगळा घोळ होतो तो 'क्लॉक' या एकाच शब्दात दोन प्रश्न कोंबल्यामुळे. क्लॉक कोणाचं चालणार, हा एक प्रश्न. ते क्लॉक किती स्थिर आहे, हा दुसरा. आषाढीच्या दिवसांत शेजारशेजारच्या दोन मांडवांत दोन मंडळं एकच अभंग म्हणताहेत असं समजा. दोघांची लय पक्की, पण एकाची केसभर चढी. सुरुवातीला टाळ एकत्र पडतात, थोड्या वेळाने फाटतात. कोणाचंच चुकलेलं नसतं. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत, एवढंच. आता एकाच मंडळातला एक टाळकरी घ्या, ज्याचा हात किंचित थरथरतो. लय तीच राहते, पण घाव कधी जरासा आधी पडतो, कधी जरासा नंतर. हा थरथरणारा हात म्हणजे जिटर. तुमच्याकडे झालंय ते दोन मांडवांचं प्रकरण, आणि दुकानदार औषध देतोय हाताच्या थरथरीचं.

आता हे यंत्रात कसं होतं ते पाहू. ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाच्या लाटेच्या उंचीच्या नोंदी) घेतली जातात, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये साधारण २०.८ मायक्रोसेकंद. ही लय यंत्रातला एक क्वार्ट्झचा स्फटिक देतो. प्रीअँपमध्ये एक स्फटिक, इंटरफेसमध्ये दुसरा. कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत काही भागांचा फरक असतोच. तो फरक दहा लाखांत १० धरला, तर ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला जवळपास अर्धं सॅम्पल जास्त किंवा कमी पडतं. दर दोन सेकंदांनी एक अख्खं सॅम्पल गळतं किंवा दोनदा वाजतं. लाटेला तिथे बारीकसा खाच पडतो, आणि तीच तुमची टिक.

ती तंबोऱ्यावर जास्त का, तेही यातच आलं. शांततेत एखादं सॅम्पल गळलं तर काहीच ऐकू येत नाही, कारण शून्याशेजारी शून्यच असतं. पखवाज, टाळ यांच्या घावांखाली ती झाकली जाते. तंबोरा मात्र अखंड वाजत असतो, त्यात लपायला जागाच नसते. हे मी अनुभवाने शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी मिरजेत एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. पंधरा माणसं एसटीने आली होती. दिवसभर टाळ-मृदंगाच्या गजरात सगळं छान ऐकू आलं. रात्री मिक्सिंगला बसलो आणि पसायदानाआधी जिथे नुसता तंबोरा आणि बुवांचा आलाप होता, तिथे दर तीन-चार सेकंदांनी टिक. केबल बदलल्या, लॅपटॉप बदलला, पहाटेपर्यंत जागलो. दोन्ही यंत्रं 'इंटर्नल' क्लॉकवर, म्हणजे आपापल्या स्फटिकावर होती, एवढंच कारण. मंडळींना पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागलं. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आधी मी पाच मिनिटं नुसता तंबोरा नोंदवून हेडफोनवर ऐकतो. टाळ लावून तपासू नका.

उपाय असा. तुमच्या ऑप्टिकल केबलमधून आवाजाच्या आकड्यांबरोबर लयही जाते. आकडे ज्या पद्धतीने गुंफलेले असतात तीतूनच घेणाऱ्या यंत्राला प्रेषकाची लय ओळखता येते. आठ चॅनेल एका प्रकाशाच्या तारेतून नेण्याची ही पद्धत अ‍ॅलेसिसने १९९१ साली जाहीर केलेल्या अ‍ॅडॅट या टेप रेकॉर्डरबरोबर आली, आणि ती यंत्रं इतिहासजमा झाली तरी तार टिकून आहे. पण घेणाऱ्या यंत्राने ती लय पाळायची की स्वतःची चालवायची, हे तुम्ही सांगावं लागतं. तुमच्याकडे केबल एकच आहे आणि ती प्रीअँपकडून इंटरफेसकडे जाते. म्हणजे लय द्यायची कोणी, हे ठरूनच गेलंय. प्रीअँप 'इंटर्नल'वर ठेवा. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स 'अ‍ॅडॅट' किंवा 'ऑप्टिकल' निवडा. 'लॉक' किंवा 'सिंक'चा दिवा स्थिर पेटला पाहिजे. लुकलुकत असेल तर केबल तपासा: टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढली का, तार कुठे खुर्चीच्या पायाखाली दबलीय का, वळण फार आवळलंय का.

उलटही करता येतं. इंटरफेसला ऑप्टिकल आउट आणि प्रीअँपला ऑप्टिकल इन असेल तर दुसरी केबल उलट्या दिशेने टाकून इंटरफेसला मालक (लय देणारं यंत्र) करायचं आणि प्रीअँपला 'एक्स्टर्नल'वर टाकायचं. केबल काही शेकड्यांत मिळते. तरी तुमच्या कामाला मी प्रीअँपलाच मालक ठेवीन. कारण तुमचे बहुतेक माइक तिथे आकड्यांत उतरतात. आवाज आकड्यांत उतरताना जी चूक होते ती फाइलमध्ये कायमची बसते. स्पीकरकडे जाताना होणारी चूक त्या वेळेपुरती असते. उद्या चांगला इंटरफेस घेतलात तर तीच फाइल स्वच्छ वाजेल. म्हणून उतरवणाऱ्या यंत्राला स्वतःच्या स्फटिकावर चालू द्यावं. मुख्य गायकाचा माइक मात्र तुम्ही थेट इंटरफेसमध्ये लावत असाल, तर हा हिशोब उलटा होऊ शकतो.

प्रीअँप मालक झाला की एक धोका येतो आणि तो टिकेपेक्षा वाईट आहे. सॅम्पल रेट आता प्रीअँपच्या बटणावर ठरतो. बटण ४४.१ वर आणि तुमचं सेशन ४८ वर असेल, तर काही ड्रायव्हर ताकीद देतात, काही देत नाहीत. त्या दिवशी सगळं बरोबर वाजतं, कारण नोंदणी आणि वाजवणी एकाच लयीवर चाललेली असते. दुसऱ्या दिवशी प्रीअँप बंद करून तीच फाइल इंटरफेसच्या स्वतःच्या ४८ वर लावली की काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी वाजतो, आणि लय जवळपास ९ टक्के चढते. गाणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. सेशन उघडल्यावर दोन्हीकडचा आकडा डोळ्यांनी पाहायची सवय लावा. आणि ९६ किलोहर्ट्झच्या मोहात पडू नका. तिथे त्याच केबलवर आठाऐवजी चारच चॅनेल मिळतात.

आता समजा टिक ठरावीक अंतराने येत नाही. कधी येते, कधी अर्धा तास नाही, आणि सगळ्याच ट्रॅकवर येते. मग क्लॉकचा संबंध नाही, लॅपटॉपला वेळेत आकडे पोचवता येत नाहीयेत. बफर, म्हणजे आकडे तात्पुरते साठवायची जागा, २५६ किंवा ५१२ सॅम्पलचा करून पाहा. २५६ म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंद, गायकाला सहसा खटकत नाही. वाय-फाय बंद करा, विंडोज असेल तर पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा, लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर अडथळा आणतोय ते पाहा. इंटरफेस आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड अशी दोन यंत्रं एखाद्या जोडणीच्या सॉफ्टवेअरने एकत्र वापरत असाल तर ते सोडा. तिथे पुन्हा दोन स्फटिक आले. मॅकवर अशी जोडणी करावीच लागली तर मालक सोडून इतरांच्या नावापुढे 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण करा. आणि जो चिरका किंवा घूं आवाज चार्जर काढला की जातो, तो वीज-अर्थिंगचा प्रश्न आहे. तो वायरमनला दाखवा.

आता जिटरकडे येऊ, कारण तुम्ही विचारलंय आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सॅम्पल घ्यायची वेळ जरा पुढेमागे झाली तर तेवढ्यात लाट पुढे सरकलेली असते, आणि चुकीची उंची नोंदली जाते. लाट जितकी उभी चढते तितकी चूक मोठी. म्हणून जिटरचा त्रास खर्जाला जवळजवळ नाही, वरच्या स्वरांशांना जास्त. हिशोब सोपा आहे. १० किलोहर्ट्झच्या स्वरावर १ नॅनोसेकंदाचा विस्कळीत जिटर असेल तर त्यातून होणारा गोंगाट मूळ स्वरापेक्षा सुमारे ८४ डेसिबल खाली राहतो. १०० पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा दहावा भाग) असेल तर १०४ डेसिबल खाली. सोळा बिटांची (सीडीची) पूर्ण मर्यादाच ९८ डेसिबल आहे, हे शेजारी ठेवून पाहा. आजच्या साध्या इंटरफेसचा स्वतःच्या स्फटिकावरचा जिटर सहसा नॅनोसेकंदाच्या खालीच असतो.

आता तुमची खोली घ्या. माझ्या स्टुडिओत रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, मीटर ३० डेसिबलच्या आसपास असतो. बुवांचा वरचा षड्ज माइकपाशी ९० च्या आसपास जातो. म्हणजे खोलीचा स्वतःचा आवाज गाण्यापेक्षा फार तर ६० डेसिबल खाली. त्याच्या कितीतरी खाली जिटरचा गोंगाट. माणसाला तो संगीतात ऐकू येतो का, हे तपासलंही गेलंय: जपानी संशोधकांनी २००५ साली कसलेल्या श्रोत्यांना त्यांच्याच पसंतीच्या सामग्रीवर ऐकवलं, तेव्हा विस्कळीत जिटर जाणवायला काही शे नॅनोसेकंद लागले. आपण बोलतोय एकाहून कमीबद्दल.

मग बाहेरच्या मास्टर क्लॉकने आवाज सुधारत नाही का? ज्या यंत्राचा स्वतःचा स्फटिक बरा आहे, त्याचा सहसा नाही. आतला स्फटिक आवाज आकड्यांत उतरवणाऱ्या कन्व्हर्टरच्या चिपपासून बोटभर अंतरावर असतो. बाहेरची लय केबलमधून येते, मग आतल्या फेज-लॉक सर्किटला ती ओळखून, गाळून, तिच्यामागे धावावं लागतं. हे सर्किट उत्तम असेल तर निकाल आतल्या स्फटिकाच्या बरोबरीला येतो. सामान्य असेल तर त्याहून वाईट. साठ हजार देऊन तुम्ही बहुधा जिटर थोडा वाढवाल.

मास्टर क्लॉकची खरी जागा वेगळी आहे: तीन-चार डिजिटल यंत्रं एकत्र चालवायची असतील, किंवा कॅमेऱ्याबरोबर ताळमेळ ठेवायचा असेल. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात तीन तासांचं संगीत नाटक नोंदवताना रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या स्फटिकांत दहा लाखांत २० चा फरक असला, तर तासाला ७२ मिलिसेकंद सरकतात. तीन तासांत २१६. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रात या पाच चौकटी झाल्या, आणि नटाचे ओठ आणि पद यांची फारकत प्रेक्षकाला दिसते. तिथेही भाड्याचं साधन नसेल तेव्हा मी प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला टाळी वाजवून वेगळी फाइल करतो, म्हणजे सरकलेलं प्रत्येक अंकाला पुन्हा जुळवता येतं.

पुढे कधी वर्ड क्लॉकची (नुसती लय नेणारी) केबल टाकायची वेळ आलीच, तर ती ७५ ओहमची हवी आणि साखळीच्या शेवटच्या यंत्रावरच ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे तार जिथे संपते तिथला रोध. सीसीटीव्हीवाल्याकडे मिळणारी आरजी-५९ केबल, बीएनसी टोकांसकट, बरोबर ७५ ओहमची असते. ती बिनधास्त वापरा. तशीच दिसणारी आरजी-५८ मात्र ५० ओहमची. केबलवर छापलेलं वाचून घ्या.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच तपासा. फोनवर १० किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर लावा, हेडफोनच्या तोंडातून केबलने प्रीअँपच्या लाइन इनपुटला द्या, दोन मिनिटं नोंदवा. फोनच मुद्दाम घ्यायचा, कारण इंटरफेसचाच आउटपुट इंटरफेसच्याच इनपुटला दिला तर दोन्हीकडे एकच क्लॉक असतं आणि त्याची संथ थरथर एकमेकांत फिटून जाते. मग स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज याचा आलेख, पाहा. १० किलोहर्ट्झच्या सुळक्याच्या दोन्ही बाजूंना किती उंचीचे खुंट दिसतात, तेवढाच तुमचा जिटर, आणि तोही फोनचा आणि प्रीअँपचा मिळून. ते सुळक्यापेक्षा ९०-१०० डेसिबल खाली असतील तर क्लॉकचा विषय संपला.

राहिली बोचणारी जवारी. इथे माझी शंका माइकच्या जागेवर आहे. जवारी म्हणजे घोडीच्या उतरत्या पाठीवर तार घासत राहते आणि दोरा सरकवला की वरचे स्वरांश उमलतात. मिरजेच्या कारागिरांच्या किती पिढ्या त्या घोडीवर गेल्या. ते स्वरांश हवेत थोडं अंतर गेले की एकमेकांत मिसळतात. माइक घोडीपासून वीतभरावर ठेवलात तर मिसळण्याआधीच पकडले जातात, आणि वर कंडेन्सर माइकला वरच्या पट्टीत उठाव असेल तर काच ऐकू येणारच. माइक दीड ते दोन फूट मागे घ्या, घोडीच्या समोरून काढून तबलीच्या वरच्या भागाकडे, जिथे दांडी सुरू होते त्या बाजूला रोखा. मागच्या रिकाम्या भिंतीला कापसाची गादी टेकवून उभी करा. समोरासमोरच्या दोन गिलाव्याच्या भिंती जवारीला फार कठोर करतात. लेव्हल कमी ठेवा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. आणि वाजवणाऱ्याला विचारा, दोरा आज कुठे बसलाय. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत तो सकाळी जिथे बसवला तिथे दुपारी बरोबर लागेलच असं नाही.

हे सगळं करताना क्रम पाळा, म्हणजे कशाने काय सुधारलं ते कळेल. आधी क्लॉक सोर्स बदलून पाच मिनिटं नुसता तंबोरा नोंदवा. टिक गेली की मगच माइक हलवा. आणि प्रीअँपच्या पॉवरच्या बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवा: 'बंद करण्याआधी इंटरफेस इंटर्नलवर'. नाहीतर घरी एकट्याने मिक्सिंगला बसाल तेव्हा इंटरफेस बंद यंत्राच्या लयीची वाट पाहत बसेल, आवाज तरी येणार नाही किंवा भलत्याच वेगाने येईल, आणि तुम्ही पुन्हा केबल बदलत बसाल. टिक तरीही राहिली, तर लागोपाठच्या दहा टिकांमधलं अंतर फाइलवर मोजून कळवा, आणि दोन्ही यंत्रांची मॉडेलं लिहा.